पद्मिनीच्या लायटींना फायबरच्या टोप्या: भांडुपच्या एका गाळ्याचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, कारण अर्धे लोक तेवढंच बघून पुढे जातात: शेपला पाचपैकी पाच, फिनिशिंगला चार, फिटिंगला तीन, वायरिंगला भोपळा आणि टायमिंगचं विचारूच नका.

काम काय होतं, तर मी जिला हौसेने हॉट रॉड म्हणतो त्या माझ्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाईट आत खोल बसल्यासारखे दिसावेत म्हणून मडगार्डच्या तोंडावर फायबरच्या टोप्या (फायबर म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून केलेलं), आणि मागे डिकीच्या दोन्ही बाजूंना ज्या छोट्या फिन असतात तिथल्या उभ्या लायटी काढून गोल लाल लायटी आत बसवायच्या, त्यासाठी फायबरची कवचं. एकूण चार पीस. जागा भांडुप, एलबीएस रोडवरून आत एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, बोर्ड वगैरे काही नाही, दार ढकललं की रेझिनचा वास नाकात जातो तोच बोर्ड. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसाचा धंदा सगळा तोंडी ओळखीवर चालतो. तसंही फायबरची कामं करणारे गाळे मुंबईत आणि वसईकडे भरपूर आहेत, खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक तुम्हाला कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल.

आता पद्मिनीला हॉट रॉड म्हणतो म्हणून कोणी हसायच्या आत मीच सांगतो, इंजिन तेच १०८९ सीसीचं आहे, त्याला हॉट म्हणायची माझी हिंमत नाही. खरी हॉट रॉड म्हणजे अमेरिकेतली १९३२ ची फोर्ड, तिच्यात फ्लॅटहेड व्ही-८ नावाचं आठ सिलिंडरचं इंजिन, तिकडच्या पोरांनी जुनी गाडी स्वस्तात उचलायची, मडगार्ड उतरवायचे, वजन कमी करायचं आणि पळवायची. तिचे हेडलाईट तर बाहेर आडव्या दांडीवर असतात, आत बसवायचा प्रश्नच नाही. लाईट आत ओढून, क्रोमची रिंग घालवून, मडगार्डमधूनच लाईट उगवल्यासारखी दाखवायची कला कस्टमवाल्यांची, म्हणजे ते १९४९ ते ५१ ची मर्क्युरी घेऊन छप्पर खाली आणायचे ना, ते. त्याला फ्रेंचिंग म्हणतात. तेव्हा हे सगळं पत्र्यात व्हायचं आणि सांधे शिसं वितळवून भरायचे, नंतर फायबर आलं. मागच्या लायटींसाठी १९३९ च्या फोर्डच्या थेंबासारख्या लायटी नाहीतर १९५९ च्या कॅडिलॅकच्या गोळीसारख्या, या दोन त्यांच्या ठरलेल्या आवडी. मला ते सगळं पद्मिनीवर आणायचं होतं कारण मला आवडतं, बस्स, आणि गाडी आपल्या कुर्ल्यात बनलेली आहे त्यामुळे भांडुपला नेली तर माहेरच्या रस्त्यालाच नेल्यासारखं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण लोक विचारतातच: ओरिजनल कंडिशनमधल्या पद्मिनीवर असलं काही करू नका. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून कायमची गेली, चांगल्या गाड्या आता मोजक्याच उरल्यात. माझ्या गाडीचे दोन्ही पुढचे मडगार्ड माझ्याकडे यायच्या आधीच इतक्या वेळा ठोकून सरळ केलेले की ओरिजनल म्हणायला फक्त नंबर प्लेट उरली होती. आणि ५० वर्षांची झाली की व्हिंटेजमध्ये रजिस्टर करू असं डोक्यात असेल तर २०२१ च्या नियमात गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणजे एक तर हा शौक नाहीतर तो.

आता गाळा. चालवणारे काका साठीच्या आसपासचे, मूळचे मूर्तिकार, शाडू आणि प्लास्टरमध्ये हात बसलेला, मग साचे बनवता बनवता फायबरमध्ये आले. नाटकाचे सेट, दुकानाबाहेरचे पुतळे, मंडळांची मखरं, वॉटर टँकची झाकणं, सगळं करतात, गाडीची कामं त्यांना अधूनमधून येतात. हे ऐकून माझ्या मित्राने नाक मुरडलं होतं, त्याचं म्हणणं गाडीचं काम गाडीवाल्याकडेच द्यावं. मला उलट वाटतं. बंपर आणि साईड स्कर्ट छापणारे जे गाडीवाले फायबरवाले आहेत त्यांच्याकडे ठरलेल्या डाय, म्हणजे तयार साचे, असतात, त्यातलं काही आपल्या गाडीला बसलं तर बसलं, नाहीतर पुट्टीचे थर. नवीन आकार शून्यातून काढायचा असेल तर डोळा लागतो, आणि तो डोळा मूर्तिकाराकडेच असतो. काकांनी मी दाखवलेले तसल्या अमेरिकन गाड्यांचे फोटो बघितले, मोबाईल बाजूला ठेवला, गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "तुमच्या फोटोतली गाडी रुंद आहे हो. हिचं तोंड लहान आहे. चार इंचाची टोपी लावलीत तर गाडीला चष्मा लागल्यासारखं दिसेल." दोन इंचावर आणलं. आणि ते फक्त दिसण्यापुरतं नव्हतं, टोपी जितकी खोल तितका लाईटचा बाजूचा पसारा कापला जातो, वळणावर फुटपाथकडची बाजू अंधारात जाते. दोन इंचात माझा फरक नावाला पडलाय, चार इंचात नक्की पडला असता.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे पत्रा कापला नाही. लाईट मागे ढकलायच्या ऐवजी मडगार्डचं तोंडच पुढे आणलं. लाईट बसते ती आतली वाटी आणि तिचे ॲडजस्टमेंटचे स्क्रू जसेच्या तसे राहिले, हे फार महत्त्वाचं आहे कारण बऱ्याच कामांत लाईट आत चिकटवून टाकतात आणि मग बीम वरखाली करायला जागाच नसते, समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारत फिरायचं. मी सात इंची गोल एच-फोर युनिट टाकलंय, बुलेटला जिप्सीला लागतं तसलं, बल्ब उडाला तर रिंग काढून पुढूनच बदलता येतो. ही सोय ड्रॉइंग काढतानाच बघून घ्या, नंतर नाही होत.

मोजमाप घेताना जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. मला वाटलं होतं एक बाजू बनवतील आणि त्याचीच उलटी करून दुसरी काढतील. काकांनी पुठ्ठ्याचा साचा कापून डाव्या मडगार्डला लावला, तोच पालथा करून उजव्याला लावला आणि खालच्या बाजूला बोट सहज जाईल एवढी फट दाखवली. चाळीस वर्षांचे ठोके, दोन्ही बाजू सारख्या राहतीलच कशा. मग बॉनेटच्या मधोमध टेप मारली, वरून ओळंबा सोडला, गवंडी वापरतात तोच पितळी, आणि दोन्ही टोप्यांची कड ओळंब्यापासून सारख्या अंतरावर ठेवून आतली बाजू मात्र ज्याच्या त्याच्या मडगार्डप्रमाणे वेगळी घडवली. म्हणजे समोरून बघितलं तर दोन्ही सारख्या, हातात घेतल्या तर दोन वेगळे पीस. लेझर नाही, स्कॅनर नाही. या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

प्रोसेस थोडक्यात सांगतो, कारण कोटेशन घेताना कळायला पाहिजे समोरचा काय देतोय. मडगार्डवर मास्किंग टेप, त्यावर वॅक्स. मग पीयू फोमचा ठोकळा चिकटवून ढोबळ आकार, त्यावर शाडू, शाडूवर हात फिरवत फिरवत फायनल वळण, मग प्लास्टरमध्ये उतरवून पॉलिश पेपर. त्या आकारावरून फायबरचा साचा काढतात, दोन तुकड्यांत, नाहीतर आत वळलेल्या कडेमुळे पीस निघतच नाही. साच्याला परत वॅक्स, मग जेलकोट (रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर), तो चिकट असतानाच काचेच्या धाग्यांचा पातळ टिश्यू, मग त्याच धाग्यांची ४५० ग्रॅमची मॅट दोन थर, मधे कडेला जादा पट्ट्या. रेझिन साधं पॉलिएस्टर. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, साधारण एक ते दोन टक्के पडतो, आणि इथेच कारागीर कळतो. मे महिन्यात दुपारी एका पोराने घाईत जास्त ओतला, माझ्यासमोर डबा हातात गरम झाला, वरून धूर यायला लागला आणि अर्धा डबा बघता बघता दगड झाला. काका काही बोलले नाहीत, डबा बाहेर नेऊन ठेवायला लावला आणि स्वतः दुसरा मिक्स केला. घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी एकच सूचना, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर हे दोन्ही डायरेक्ट एकमेकांत कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचा, मग दुसरा. बाजारात बहुतेक रेझिन कोबाल्ट घालूनच मिळतं, तेच घ्यावं.

पीस हातात आला की पहिल्यांदा मागची बाजू बघा. पुढची बाजू जेलकोट आणि पेंट लपवतो, मागची खोटं बोलत नाही. मॅट सगळीकडे सारखी भिजलेली असली पाहिजे, पांढरे कोरडे डाग दिसले म्हणजे तिथे रेझिन पोचलं नाही, चकचकीत डबकी दिसली म्हणजे जास्त झालं आणि तिथे तडकणार. बोटाने टिचकी मारा, बुडबुडा असेल तिथे आवाज पोकळ येतो. माझे पुढचे दोन्ही पीस मागून एकदम नीट, तीनेक एमएम जाडी, रोलर फिरवलेला कळतो. मागच्या पीसपैकी डाव्यात एका कोपऱ्यात मॅट दुमडलेली होती, दाखवल्यावर काकांनी तेवढं घासून परत एक थर दिला, कुरकुर नाही केली.

आता इथून पुढे तक्रारी.

पहिली, वेळ. मे मध्ये काम दिलं. पावसाच्या आधी देतो म्हणाले. जून लागला, आणि जून लागला की या लोकांचं डोकं गणपतीत जातं, मखरं, मुखवटे, स्टेजची कामं, मंडळांचे कार्यकर्ते बाईकवर येऊन दारात उभे, त्यांच्यापुढे माझ्या दोन टोप्यांना कोण विचारतंय. त्यात आषाढातल्या दमट हवेत मॅट ओली राहिली तर थर पांढरट आणि कमजोर होतो, त्यामुळे चांगला कारागीर पाऊस जोरात असताना काम थांबवतोच, ते मी समजू शकतो. पण मग फोन उचलून तसं सांगायला काय जातं. मी गेलो की "उद्या" आणि फोन केला की पोरगा म्हणणार "काका बाहेर गयेले हैं". टोप्या शेवटी दहीहंडीच्या आसपास मिळाल्या.

दुसरी तक्रार जरा टेक्निकल आहे पण हीच खरी महत्त्वाची. पुढच्या टोप्या मी हट्टाने बोल्टवर घेतल्या. आत फ्लँज, म्हणजे आत वळवलेली पट्टी, त्यात सहा एमएमचे स्टेनलेसचे बोल्ट, आणि पत्रा आणि फायबरच्या मधे काळी रबर बीडिंग. काकांना ते आवडलं नव्हतं, त्यांचं म्हणणं सांधा दिसतो, मूर्तीला सांधा दिसला तर लोक नावं ठेवतात. मागचे पीस मात्र त्यांच्या मताप्रमाणे पत्र्यावर चिकटवून, पुट्टी मारून, सलग केले. मागून बघणाऱ्याला फायबर कुठे सुरू होतं ते अजिबात कळत नव्हतं, सुंदर दिसत होतं, सगळ्यांनी मागचंच कौतुक केलं. पुढच्या उन्हाळ्यात उजव्या बाजूला सांध्यावरून केसासारखी एक रेघ आली, मग ती वाढली, आता वीतभर आहे, नखाला लागते. पुढच्या टोप्यांना काहीही झालं नाही.

कारण सोपं आहे. मॅटचं फायबर उन्हात लोखंडापेक्षा जास्त फुगतं, आणि वर डिकी धाडधाड आपटली जाते, खड्ड्यात बॉडी पिळली जाते, सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. त्यात पॉलिएस्टर रेझिन लोखंडाला मनापासून चिकटत नाही, फायबरला फायबर छान धरतं, पत्र्याला नाही. चिकटवायचंच असेल तर पेंट पूर्ण काढून, जाड पेपरने पत्रा चांगला खरवडून, इपॉक्सी, म्हणजे लोखंडाला जास्त घट्ट धरणारं दुसरं रेझिन, वापरायला पाहिजे. आणि इपॉक्सी घेतलं तर त्याच्यासोबत विणलेलं ग्लास कापड घ्या, नेहमीची मॅट नको, कारण त्या मॅटचे धागे ज्या गोंदाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या रसायनात विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतंच त्यामुळे मॅट कडक राहते आणि वळणावर बसत नाही. काकांच्या गाळ्यात इपॉक्सीचा डबा मी एकदाही बघितला नाही. मूर्तीला, सेटला गरज पडत नाही, मूर्ती उन्हात ऐंशीच्या स्पीडने खड्ड्यातून जात नाही. गाडीचं काम घेताना मात्र हे माहीत पाहिजे, आणि मला हे त्यांच्याकडून कळायला हवं होतं, चीर आल्यावर कुर्ल्याच्या पत्रा ठोकणाऱ्या टिंकरकडून नाही.

तिसरी, पाणी. आत बसवलेली लाईट म्हणजे वर तोंड असलेलं भांडंच, पाणी येणार, ते जाणार कुठून याचा विचार आधी झाला पाहिजे. पहिल्याच मोठ्या सरीत डाव्या मागच्या कवचात पाणी साठलं आणि ब्रेक लागला की लाल मत्स्यालय दिसायचं. पुढच्या टोप्यांना खालून निचऱ्याची खाच ठेवलेली, मागच्यांना विसरले. हे सांगितल्यावर लगेच बोलावलं, सहा एमएमचं भोक सगळ्यात खालच्या जागी पाडलं, भोकाच्या कापलेल्या कडेला आतून रेझिन लावलं कारण उघड्या धाग्यांतून पाणी आत शिरतं, रबरी ग्रोमेट बसवली, एक रुपया घेतला नाही. म्हणजे नियत चांगली आहे, पण मुंबईत काम करणाऱ्या माणसाने पावसाचं पाणी विसरावं, काय बोलायचं.

आणि वायरिंग, जिथे भोपळा दिलाय. फिटिंगच्या दिवशी त्यांच्या ओळखीचा वायरमन आला. हेडलाईट ठीक, ते जुन्याच वाटीत होते. मागे मात्र ब्रेक दाबला की ब्रेक लाईट अर्धीमुर्धी पेटायची आणि सोबत इंडिकेटर मंद लुकलुकायचा, इंडिकेटर दिला की पार्किंग लाईट नाचायची. तो बल्ब बदलत बसला, मग होल्डर बदलला, मग म्हणाला स्विच गेलाय. स्विचला काही झालं नव्हतं. जुन्या गाडीत लायटीला एकच वायर येते, परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग बॉडीच्या पत्र्यातून होतं. फायबरमधून करंट जात नाही. मग तो बिचारा करंट बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून (आतल्या तारेतून) वाट शोधतो आणि हे असले खेळ दिसतात. माझ्या बिल्डिंगखालच्या रिक्षा रिपेअर करणाऱ्या पोराने बघितल्या बघितल्या प्रत्येक होल्डरपासून एक काळी वायर काढून बॉडीला बोल्टवर खेचली, पत्रा घासून, लग मारून, आणि विषय संपला. फायबरमध्ये लाईट बसवणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने वायरिंगला हात लावू नये. तेव्हाच मी मागे एलईडी पण टाकले, एकवीस वॉटचा ब्रेक बल्ब त्या बंद कवचात ट्रॅफिकमध्ये तापतो, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी ब्रेकवरून पाय उचलायला मिळतो का कधी. हेडलाईटना वेगळी रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) पण टाकून घ्या, जुन्या स्विचमधून सगळा करंट नेऊ नका.

पैशाचं. पुढची जोडी साच्यासकट बावीस हजार, मागची सोळा, पेंट वेगळा आणि पेंट मी दुसरीकडे केला. अर्धे ॲडव्हान्स. बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब. महाग वाटतं पण नवीन शेपमध्ये खर्च साच्याचा असतो, वस्तूचा नाही, त्याच साच्यातून दुसरी जोडी काढली तर निम्म्याहून कमीत होते. म्हणून साचा कोणाचा हे आधी ठरवून घ्या. माझे साचे मी घेऊन आलो, काका म्हणाले ठेवा तुमच्याकडे, गाळ्यात जागा नाही. पत्र्यात हेच काम कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं होतं, तिथे जवळपास दुप्पट सांगितले, पण गंज सोडला तर पत्र्याचं काम आयुष्यभर टिकतं हे पण खरं. आणि एका ओळखीच्याने थ्रीडी प्रिंट सुचवलं होतं. साधं पीएलए प्लास्टिकचं प्रिंट उन्हात उभ्या गाडीवर मऊ पडतं, साठ डिग्रीच्या आसपास ते वाकायला लागतं, त्यामुळे डायरेक्ट पार्ट म्हणून नको. प्रिंट काढून त्यावरून फायबरचा साचा घ्यायचा, हे मात्र डोकेबाज आहे, शाडूचं काम वाचतं. पण मग ओळंबावाले काका पण वाचतात आणि माझ्या मते तिथेच शेप जातो.

पेंटबद्दल एकच. नवीन फायबर लगेच रंगवू नका. पॉलिएस्टर बरेच दिवस थोडंथोडं आकसत राहतं, आणि घाईत पेंट मारला तर काही महिन्यांनी वरून धाग्यांची नक्षी उठते, गडद रंगावर जास्त. पीस मी गच्चीवर उन्हात टाकून ठेवले, सोसायटीच्या वॉचमनला वाटलं कमोडचा पार्ट आहे, मग पिनहोल (सुईएवढी भोकं) भरून, प्रायमर, वॉटर पेपर, मग टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारतात तो. काळपट मरून आहे, अजून नक्षी नाही.

कायद्याचं पण लिहितो कारण कोणीतरी विचारणारच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा सूर एकच, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाईल असा बदल चालत नाही. लाईट हा तर सुरक्षेचा भाग. गाडीला १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवून रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, तिथे लायटी बघतातच. त्यामुळे काम द्यायच्या आधी आपल्या आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा, मागचे लाल रिफ्लेक्टर कुठल्याही परिस्थितीत घालवू नका, आणि लाईट इतकी खोल नेऊ नका की बाजूने येणाऱ्या बाईकवाल्याला ब्रेक लागलेला दिसणारच नाही. माझ्या पुढच्या टोप्या बोल्ट सोडले की निघतात, खाली गाडी जशीच्या तशी. हे बोल्टवर घेण्याचं अजून एक कारण.

एक गोष्ट खटकली ती पण बोलतो. गाळ्यात घासकाम करणारी पोरं तोंडाला फक्त रुमाल बांधून बसलेली असतात, ग्राइंडरखालून ग्लासची धूळ धुरासारखी उडते आणि वर स्टायरीनचा वास. अर्धा तास उभं राहिलं तर माझ्या हाताला रात्रभर खाज होती, ती पोरं रोज आठ-दहा तास त्यात. काकांना बोललो तर म्हणाले मास्क आणून दिलेत, घालत नाहीत, गुदमरतं म्हणतात. खरं असेलही. पण एक्झॉस्ट फॅन पण बंद होता, तो काही गुदमरत नाही.

तरी मी परत जाणार आहे, त्याच गाळ्यात, मागची कवचं काढून पुढच्यासारखी बोल्टवर करायला. काकांना चीर दाखवली तेव्हा त्यांनी नखाने रेघ चाचपली, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पुढे तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं, पण मागून दिसत छान होतं की नाही?" मजुरी घेणार नाही म्हणालेत, मटेरियलचे द्या म्हणाले. या वेळी दसऱ्यानंतर देणार आहे, हवा कोरडी असते आणि मंडळवाले पण नसतात. तुम्हाला जायचं असेल तर तोच सीझन धरा, दिवाळी ते होळी, वायरमन स्वतःचा न्या, ग्लासची धूळ लागते म्हणून फुल शर्ट घाला, आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, पगार असतो, पोरं चारलाच हात धुऊन बसलेली असतात.